डाव मांडावा, डाव आवरावा



दुपारी अडीच-तीनची वेळ ही घरातली खरी आपली वेळ. ओटा आवरलेला, भांडी घासून पालथी घातलेली, चहाला अजून अवकाश. पूर्वी या वेळात हाती विणकामाच्या सुया असत, नाही तर निवडायचे तांदूळ. आता बहुतेकींच्या हाती मोबाइल असतो आणि त्यात एखादा लहानसा खेळ. कुणाच्या रंगीत गोळ्या, कुणाचा लुडो, कुणाचे आकडे. कोणी विचारले तर आपण चटकन म्हणतो, "छे बाई, मी कुठली खेळतेय!" आणि बटण दाबून पडदा काळा करतो.

आज या खेळांविषयी उघड बोलू या. ते खेळावेत की नाही, हा वाद मी घालणार नाही. खेळायचेच तर डोके वापरून कसे खेळावे आणि वेळेवर कसे उठावे, एवढेच सांगणार आहे. हे सांगण्याचा अधिकार मला आला तो माझ्या फजितीमुळे, बरं का!

"बाई, तुमची कितवी पायरी?"

मी शिरोळला राहते आणि सकाळच्या सत्रात एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. मागच्या पावसाळ्यात सातवीच्या वर्गाला 'मोबाइल : शाप की वरदान' असा निबंध दिला आणि त्याआधी चांगली अर्धा तास बोलले. शापाच्याच बाजूने! तास संपता संपता एक मुलगा उभा राहिला. खोडसाळ नव्हे हं, अगदी साधा मुलगा. म्हणाला, "बाई, तुम्ही 240व्या पायरीवर हाय ना? परवा रात्री साडेबाराला तुम्ही आमच्या आईच्या पुढं गेला. तिच्या मोबाइलवर निरोप आला."

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा बँकेचे निरोप मागे जाऊन वाचले. रंगीत गोळ्यांचा तो खेळ फुकटचाच होता, पण डाव दोन खेळ्यांनी हुकला की "आणखी पाच खेळ्या हव्यात?" असे तो विचारी आणि मी बोट लावी. कधी 29 रुपये, कधी 89. तीन महिन्यांची बेरीज झाली 1,340 रुपये. त्याच तीन महिन्यांत सासूबाईंनी दोनदा चष्म्याच्या काचा बदलायचे काढले होते आणि दोन्ही वेळा मी म्हटले होते, "पुढच्या महिन्यात बघू या हं."

रक्कम मोठी नव्हे, हे मलाही कळते. पण भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी मी, अर्ध्या रात्री न दिसणाऱ्या दुकानदाराला पैसे देत होते, तेही घरात कुणाला कळू न देता. मला टोचले ते हे. त्या संध्याकाळी मी ह्यांना सगळे सांगितले, दुसऱ्या दिवशी काचा टाकायला दिल्या आणि शाळेतली एक अर्धी कोरी राहिलेली वही घेऊन तिची दोन खाती केली. डाव्या पानावर खेळातल्या युक्त्या. उजव्या पानावर तारीख, किती वाजता बसले, किती वाजता उठले, किती पैसे गेले.

आधी डाव्या पानावरचे सांगते.

लुडो : पळू नका, दबून बसा

लुडो आपल्याला परका नाही. तो आपल्याच पचिशीचा धाकटा भाऊ. कवड्यांच्या दानातले मोठे दान पंचवीस, म्हणून ती पचिशी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी कवड्यांऐवजी एक फासा घेतला आणि तिचे नाव लुडो ठेवले. मोबाइलवरचा 'लुडो किंग' तर आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीने केलेला. तो 2016 साली आला आणि 2020च्या टाळेबंदीत घरोघर पोचला. आमच्या नणंदबाई पुण्यात आणि आम्ही इथे. रोज रात्री नऊला चौघींचा डाव पडे. त्या दिवसांत एकमेकींची खुशाली कळायची ती डावाच्या निमित्तानेच.

पण घरात लुडोत पहिला नंबर सासूबाईंचा. 2019च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेला महापूर आला तेव्हा आम्ही आठ दिवस जयसिंगपुरात नात्यातल्या घरी होतो. मोबाइल निरोपासाठी जपून ठेवायचे, मुले भेदरलेली, मोठी माणसे गप्प. सासूबाईंनी खडूने फरशीवर पट आखला, चिंचोके फोडून दान टाकायला घेतले आणि मुलांना बसवले. तेव्हा त्या नातवाला जे सांगत, ते मी आता वहीत लिहून घेतले आहे. "एकलीच सोंगटी फुडं दामटू नगंस. आधी बाकीची भाईर काढ. मागं कोण हाय बघ, मगच पाऊल टाक."

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना मी हे दाखवले. त्यांनी हिशेब मांडून दिला आणि सासूबाई बरोबर निघाल्या. शत्रूची सोंगटी आपल्या मागे एक ते सहा घरांत असेल, तर तिने मारण्याची शक्यता साधारण सहांत एक. सात ते अकरा घरे मागे असेल, तर आधी सहा पडून मग नेमके दान पडावे लागते. म्हणजे छत्तीसांत एक. तेव्हा जिथे थांबाल तिथे मागच्या सोंगटीपासून निदान सात घरे अंतर ठेवा. हे एवढे जरी पाळले तरी तुमचा खेळ सुधारेल.

आणखी तीन गोष्टी. पटावर मार न बसणारी घरे आठ असतात. चार निघायची आणि चार ताऱ्याची. दान पडले की आधी पाहा, कोणती सोंगटी अशा घरात जाऊन बसते. दुसरे, सहा पडले की धावत्या सोंगटीला पळवण्याआधी नवी बाहेर काढा. बाहेर सोंगट्या जास्त असल्या म्हणजे प्रत्येक दानाला निवड करता येते. तिसरे, बाहेर पडल्यापासून घरात जाईपर्यंत एका सोंगटीला 56 पावले चालावी लागतात. चाळीस पावले चाललेली आपली सोंगटी वाचवणे हे शत्रूची चार पावले चाललेली सोंगटी मारण्यापेक्षा मोलाचे. सूड घेण्याच्या भरात आपण हेच विसरतो, होय की नाही?

आता "मोबाइलचा फासा लबाड आहे, मला सहा पडतच नाही" ही तक्रार. सरांनी त्याचेही गणित करून दिले. चार दानांत एकदा तरी सहा पडण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त. पण दहा दाने टाकूनही एकही सहा न पडण्याची शक्यता शंभरात सोळा! म्हणजे सहा डावांत एखाद्या वेळी असे रखडायला होणारच. चिंचोके टाकतानाही व्हायचे, फक्त तेव्हा आपण चिंचोक्यांवर संशय घेत नव्हतो.

आकड्यांचे दोन खेळ

'2048' नावाचा सोळा घरांचा खेळ पुष्कळजणींकडे असेल. 2014 साली इटलीतल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाने, गाब्रिएले चिरुली याने, तो केला आणि जगाला फुकट दिला. सारखे आकडे एकमेकांवर ढकलायचे. दोन-दोनचे चार, चार-चारचे आठ, असे करत 2048 गाठायचे. बहुतेकजणी जिकडे जोडी दिसेल तिकडे बोट फिरवतात आणि पट भरून डाव बुडतो. युक्ती सोपी आहे. मोठ्यात मोठा आकडा खालच्या एका कोपऱ्यात ठेवायचा आणि तिथून हलवायचा नाही. बोट खाली आणि त्या कोपऱ्याच्या बाजूला, एवढेच फिरवायचे; अडले तर तिसऱ्या बाजूला. वर मात्र अगदी नाइलाज झाल्याशिवाय न्यायचे नाही. फडताळात मोठे डबे मागे आणि लहान पुढे, उतरत्या ओळीने लावतो ना, तसेच. मात्र एक सांगून ठेवते, 2048पर्यंत पोचायला नऊशेच्या वर सरकवण्या लागतात. कुकरच्या तीन शिट्ट्यांत तो संपत नाही!

सुडोकू त्या मानाने शांत. नाव जपानी असले तरी त्याचा आजचा अवतार 1979 साली अमेरिकेतल्या एका कोड्यांच्या मासिकात आला. नियम एकच लक्षात ठेवा : अंदाज करायचा नाही. नीट रचलेल्या सुडोकूचे उत्तर एकच असते. पटावर जो आकडा सर्वांत जास्त वेळा आला आहे, त्याच्यापासून सुरुवात करा; उरलेल्या चौकटींत तो कुठे बसतो ते पाहा, मग पुढचा आकडा. माझ्या मते दुपारच्या वेळेला हा खेळ सर्वांत चांगला, कारण तो संपतो. दुसरा डाव घ्यावा लागतो, आपोआप पुढ्यात येत नाही.

गोळ्यांचा खेळ आणि पैशाचा खेळ

ज्या खेळाने माझी फजिती केली, त्याचीही युक्ती वहीत आहे. जोड्या शक्यतो खालच्या बाजूला जुळवा. वरच्या गोळ्या घसरतात आणि काही जोड्या आपसूक जुळतात. तीन दिसल्या की लगेच बोट लावू नका, चार किंवा पाच जुळतात का ते आधी पाहा. आणि थोडक्यात हुकला म्हणून डाव विकत घेऊ नका. पुढच्या वेळी गोळ्या नव्याने पडतात, कदाचित तुमच्या सोयीच्या. अशा खेळांत ठराविक जीव असतात आणि ते संपले की वाट पाहावी लागते. पूर्वी ती अडचण वाटे. आता मी तिला उठायची घंटा समजते.

एक गोष्ट मात्र युक्तीत बसत नाही, म्हणून वेगळी सांगते. पैसे लावून खेळायचे रमी, पत्ते, 'संघ निवडा आणि जिंका' हे सारे खेळ वेगळ्या जातीचे. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने कायदा करून ते चालवण्यावर बंदी आणली. मग खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला कायदा शिक्षा करत नाही, पण गेलेले पैसेही आणून देत नाही. "या दुव्यावर बोट लावा, बक्षीस मिळेल" असे निरोप अजूनही येत असतात. आपल्या भागात उसाचे बिल खात्यावर जमा होते, त्या दिवसांत घरातल्या मोबाइलवर जरा लक्ष ठेवा. मुलांच्याच नव्हे, मोठ्यांच्याही. धर्मराजाच्या हाती फासे आले तोवर खेळच होता. पणाला घर लागले, तेव्हा त्याचे द्यूत झाले.

घरात एवढे करा

मोबाइलच्या प्ले स्टोअरमध्ये 'खरेदीसाठी पडताळणी' लावून ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी पासवर्ड द्यावा लागेल. तो टाइप करेपर्यंत निम्मा मोह जातो. मुलांच्या हाती मोबाइल जात असेल तर हे आजच करा.

खेळांचे निरोप बंद करा. "तुझी वाट पाहतोय" असे खेळ म्हणाला, तर वाट पाहू दे.

लुडो, सुडोकू, 2048 असे खेळ इंटरनेट बंद करूनही खेळता येतात. तसे खेळलात तर जाहिराती फारशा येत नाहीत.

सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असते. तिथे एकेका खेळाला रोजची मिनिटे ठरवून देता येतात. मी वीस दिली आहेत.

आणि रात्रीचे जेवण झाल्यावर एकटीने खेळू नका. माझे उजवे पान सांगते की माझे सगळे पैसे रात्री अकरानंतर गेले, दुपारी एकदाही नाही. दुपारी आपण विश्रांतीसाठी खेळतो. रात्री बहुधा दुसऱ्याच कशाला तरी टाळण्यासाठी. काय टाळतो आहोत, ते ज्याचे त्याने बघावे. माझ्यापुरते सांगायचे, तर मला ते ह्यांच्याशी बोलल्यावर कळले.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी वर्गातच सांगितले, "तू खरं बोललास. बाईंनी आता वही घातली आहे." तर म्हणतो कसा, "आमच्या आईला पण एक वही आणू काय?" आणलीही असेल!

सासूबाईंना नव्या काचांतून मोबाइलवरचा पट स्वच्छ दिसतो. काल दुपारी आमचा डाव पडला. माझी एक सोंगटी घरापासून चार पावलांवर होती, तरी मी हरले, कारण बाकीच्या तीन अजून आतच होत्या. "म्या काय सांगितलं हुतं?" एवढेच म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

तुमच्या घरच्या अशाच युक्त्या असतील, आजीच्या पचिशीच्या, सागरगोट्यांच्या. त्या जरूर लिहून कळवा. वहीत डाव्या बाजूला अजून बरीच पाने कोरी आहेत. उजवीकडची कोरीच राहोत, असे म्हणा म्हणजे झाले!