अडगळ आणि अपरिग्रह

घरांतील सामान कमी करावें, या उपदेशाला अलीकडे मोठा बहर आला आहे. मारी कोंडो या जपानी बाईंचें पुस्तक २०१४ सालीं इंग्रजींत आलें, २०१९ च्या जानेवारींत त्यांची मालिका नेटफ्लिक्सवर झळकली, आणि आमच्या सुशिक्षित कुटुंबांतही कपाटें रिकामीं करण्याचा एक विधिच होऊन बसला. वस्तु हातीं घ्यावी, तिच्या स्पर्शानें मनांत आनंद उमटतो काय तें पाहावें. उमटला तर ती ठेवावी, न उमटला तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यावा. यांतील आभार मानण्याचा भाग आम्हांस मनापासून आवडतो. खंडेनवमीस हत्यारा-अवजारांची पूजा करणाऱ्या समाजाला तो परका वाटण्याचें कारण नाहीं. आमचा वाद आहे तो त्या कसोटीशीं. आणि त्याहूनही अधिक, ती ज्या दारावर लावली जाते त्या दाराशीं.

प्रथम कसोटीचें पाहूं. कुटुंबाच्या घरांत अशा कितीतरी वस्तु असतात कीं, ज्या कोणालाच आनंद देत नाहींत, आणि तरी त्यांवांचून चालत नाहीं. दळणाचा डबा, पावसाळ्यांतील ताडपत्री, म्हाताऱ्या माणसाची शेकाची पिशवी, यांच्या दर्शनानें कोणाचें हृदय उचंबळून येतें? उलट जी साडी दुकानांत परमानंद देते, तीच पुढें घडी न मोडतां कपाटांत पडून राहते. विकत घेण्याच्या वेळीं प्रत्येक वस्तु या परीक्षेंत उत्तीर्ण झालेलीच असते. मग त्या परीक्षेचें मोल काय? विल्यम मॉरिसनें १८८० सालीं बर्मिंगहॅमच्या व्याख्यानांत घरांतील वस्तूंना उपयुक्तता आणि सौंदर्य अशा दोन कसोट्या लाविल्या होत्या; त्या निदान दुसऱ्याला दाखवितां येण्याजोग्या होत्या. थोरोचा हिशेब तर त्याहूनही रोकडा. टेबलावरचे चुनखडीचे तीन दगड रोज पुसावे लागतात असें दिसतांच त्यानें ते खिडकीबाहेर भिरकावले, असें तो 'वॉल्डन'मध्यें सांगतो. वस्तूची किंमत ती पुसणाऱ्या हाताच्या श्रमांत मोजावी, हें तत्त्व आम्हांस मान्य आहे. मात्र थोरोचे दगड आणि थोरोचाच हात होता. आमच्याकडे हौस यजमानांची असते, आणि फडकें गृहिणीच्या किंवा मोलकरणीच्या हातीं!

आतां दाराचें. आवराआवरीचा हा सारा उत्साह सामान बाहेर जाण्याच्या दारावर उभा आहे. तें आंत येण्याचें दार सताड उघडेंच. दिवाळीपूर्वीं पोतीं भरून बाहेर काढावयाचीं, आणि त्याच पंधरवड्यांत सवलतीच्या विक्रीवर तुटून पडावयाचें! खुद्द कोंडोबाईंनींही २०१९ च्या नोव्हेंबरांत वस्तूंचें दुकान उघडलें, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. रिकाम्या झालेल्या कपाटाइतकें चांगलें गिऱ्हाईक दुसरें कोणतें? आणि बाहेर टाकलेलें जातें कोठें? मुंबईचा कचरा १९२७ पासून पोटांत घेत आलेल्या देवनारला २०१६ च्या जानेवारींत आग लागली, तेव्हां त्याच्या धुरानें शहर कोंदून गेलें होतें. आपण टाकलेली वस्तु नाहींशी होत नाहीं. ती फक्त दुसऱ्याच्या दारांत जाऊन पडते.

पातंजल योगसूत्रांतील पांच यमांत अपरिग्रह सांगितला आहे. परिग्रह म्हणजे घेणें, सांठविणें. अपरिग्रह म्हणजे तें न करणें. घेऊन मग टाकून देणें, हा त्या शब्दाचा अर्थ नव्हे.

सामान आंत कसें येतें हें पाहूं लागलें, तर त्यांतील पुष्कळसें आपण मागविलेलेंच नसतें असें आढळेल. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गृहिणी दहा घरीं हळदीकुंकवास गेली, कीं दहा वाणें घेऊन येते : प्लॅस्टिकच्या वाट्या, चाळण्या, डब्या, आरसे. लग्नामुंजींतून येतात तीं घड्याळें, फ्रेमा आणि काचेचे पेले. तीं वेष्टणासह माळ्यावर चढतात, आणि पुढच्या लग्नांत तशींच दुसऱ्याच्या गळ्यांत पडतात. देणाऱ्याला इच्छा नाहीं, घेणाऱ्याला गरज नाहीं, आणि वस्तु मात्र वर्षानुवर्षें फिरते आहे; याला प्रेम म्हणावें कीं वेठ? पत्रिकेवर 'कृपया आहेर आणूं नये' असें छापावयाचें आणि मांडवांत 'कशाला, कशाला' म्हणत हात पुढें करावयाचा, ही तर आमच्या वर्गाची नेहमींची रीत! वास्तविक सुगडांत घालावयाचे ते ऊस, बोरें, हरभऱ्याचे घाटे आणि तीळ. चार दिवसांत खाऊन संपणारे जिन्नस. मागें अडगळ न ठेवणारें दान आमच्या आज्यांस ठाऊक होतें. तें सोडून आम्हीं बाजार घरांत आणला.

कोणी म्हणतील, 'असूं द्या, लागेल कधीं तरी!' ज्यांनीं टंचाईचे दिवस काढले, त्यांच्या तोंडीं हें वाक्य शोभतें, आणि त्यांचा उपहास करण्यास आम्ही तयार नाहीं. परंतु त्या पिढीनें वस्तु नुसती ठेविली नाहीं, ती वापरून संपविली. जुन्या लुगड्याची गोधडी झाली, गोधडीचें पायपुसणें झालें. कांहीं कपडे देऊन बोहारणीकडून भांडें घेतलें. आम्ही मात्र ठेवतोंही आणि वापरतही नाहीं. आणि जेव्हां काढतों, तेव्हां फाटका कोट व बंद पडलेला मिक्सर मोलकरणीच्या हातीं देऊन दानाचें पुण्य पदरांत पाडून घेतों. दुसऱ्याच्या दहा फुटी खोलीला आपला माळा करणें, याला दान म्हणत नाहींत.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, माळा आवरण्यापूर्वीं उंबरा राखा. आहेर नको असेल तर तो घेऊं नका, आणि देऊंही नका. वाण द्यावयाचें तर खाऊन संपेल असें द्या. जी वस्तु पुसावयास आपला हात तयार नाहीं, ती आणण्याचा आपणांस अधिकार नाहीं, असें घरांतील प्रत्येक पुरुषानें समजावें. एवढें झालें, तर कपाटासमोर बसून आनंदाचा कौल लावीत बसण्याची पाळी कोणावर येणार नाहीं.