पाणी नितळ आहे. पण शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन उरते का?

जानेवारी २०२५. पुण्यात सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी आणि नांदेड गाव (मराठवाड्यातले नव्हे, खडकवासल्याजवळचे) या पट्ट्यातून हातापायांतली ताकद गेलेले रुग्ण एकापाठोपाठ रुग्णालयांत दाखल होऊ लागले. निदान होते गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. एरवी वर्षभरात लाखामागे एक-दोघांना होणारा हा आजार. पुणे परिसरातील संशयित रुग्णांचा आकडा काही आठवड्यांत दोनशेच्या वर गेला, काहींचा मृत्यू झाला. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत तपासलेल्या शौचाच्या नमुन्यांपैकी काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस.

नंतर चिकन खावे की नाही यावर वाद झाला, पाण्याचे जार मागवले गेले आणि साथ ओसरताच विषय मागे पडला. या साथीतून पाण्याबद्दल जे शिकायला हवे होते, ते मात्र अर्धेच शिकले गेले.

जुलाब पोटाचे, मग लुळे पाय कसे पडतात?

कॅम्पिलोबॅक्टर हा स्क्रूसारखा पीळदार, अगदी छोटा जीवाणू. कोंबड्या आणि गुरांच्या आतड्यात तो निवांत राहतो. कोंबडीला त्याचा सहसा त्रास होत नाही. त्याला ऑक्सिजन कमी लागतो आणि ४२ अंश सेल्सिअस तापमान मानवते, जे साधारण पक्ष्यांच्या शरीराचे तापमान आहे. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने नमुना वाढवायला ठेवला, तर तो सहज निसटतो.

माणसाच्या पोटात तो दूषित पाण्यातून, अर्धवट शिजलेल्या मांसातून किंवा न तापवलेल्या दुधातून जातो. जुलाब, पोटात मुरडा, ताप येतो. बहुतेक जण आठवडाभरात, औषधाविनाही, बरे होतात. पण साधारण हजारात एकाच्या बाबतीत गोष्ट इथे संपत नाही.

या जीवाणूच्या काही प्रकारांच्या बाहेरच्या आवरणावरची शर्करा आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखी दिसते. जुळ्या भावाचा चेहरा दाखवून फोनचे फेस अनलॉक फसवावे, तसाच हा प्रकार. प्रतिकारशक्ती जीवाणूविरुद्ध अँटिबॉडी तयार करते आणि त्या अँटिबॉडी मज्जातंतूंनाही शत्रू समजतात. पायांना मुंग्या, मग अशक्तपणा, मग तो वर सरकतो. श्वासाचे स्नायू सापडले तर व्हेंटिलेटर लागतो. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने किंवा प्लाझ्मा बदलणे हे उपचार परिणामकारक आहेत, पण महागडे. बहुतेक रुग्ण सावरतात, पण त्याला अनेकदा महिने लागतात.

इथे लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे हे सगळे जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी घडते. तोवर जुलाब विसरलेले असतात आणि ज्या पाण्याने ते झाले, ते पाणी कधीच वाहून गेलेले असते. रुग्ण दाखल झाल्यावर नळाचा नमुना घेणे म्हणजे चोरी होऊन पंधरा दिवस उलटल्यावर सीसीटीव्ही बसवणे. उपयोगी पडतो तो रोजचा आकडा.

तो आकडा कोणता?

टीसीएल पावडर किंवा क्लोरीन वायू पाण्यात मिसळला की त्यातला काही भाग पाण्यातल्या घाणीशी झगडण्यात खर्च होतो. खर्च होऊन जे शिल्लक राहते, ते उर्वरित क्लोरीन. ग्राहकाच्या नळाला ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे, असे भारतीय मानक सांगते. कॅम्पिलोबॅक्टर काही चिवट जीवाणू नाही. एवढ्या क्लोरीनपुढे तो टिकत नाही. म्हणूनच पाण्यातून त्याची साथ पसरली, तर तिला निसर्गाचा कोप म्हणून सोडून देता येत नाही.

आपल्या शहरांत पाणी ठरावीक तासच येते. पुरवठा बंद झाला की वाहिनीतला दाब पडतो आणि गळक्या सांध्यांतून शेजारच्या ड्रेनेजचे पाणी आत येऊ शकते. अशा वेळी पाण्यात उरलेले क्लोरीन हाच एकमेव पहारेकरी असतो. नांदेड, किरकटवाडीसह २३ गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. साथीच्या वेळी मात्र तिथे नांदेडच्या विहिरीचे पाणी शुद्धीकरण केंद्रात न जाता नुसते क्लोरीन टाकून दिले जात होते. गाळणी नसेल, तर सगळी भिस्त क्लोरीनवर, आणि ते रोज मोजले जाते की नाही यावर.

जार आणि आरओचे पाणी हा उपाय वाटतो, पण तिथे एक गोम आहे. आरओ यंत्रातला कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो. पाणी चवीला गोड लागते, पण त्याला संरक्षण राहत नाही. पुढे जार नीट धुतला नसेल, तर जंतूंना अडवणारे काहीच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने याच परिसरातले ३० खासगी पाणी प्रकल्प बंद केले. काहींकडे परवानगी नव्हती, काहींच्या पाण्यात ई-कोलाय सापडले, काही ठिकाणी निर्जंतुकीकरणच होत नव्हते. पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून तक्रारी होतात. वास येत नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही.

टीएमसी पाठ, क्लोरीन ठाऊक नाही

पावसाळ्यात खडकवासला साखळीत किती टीएमसी पाणी आहे, हे पुणेकर रोज सकाळी मोबाइलवर वाचतो. आपल्या भागातल्या शेवटच्या नळाला आज किती क्लोरीन होते, हे त्याला कुठेच पटकन सापडत नाही. प्रत्येक प्रभागातला हा आकडा महापालिकांनी रोज संकेतस्थळावर टाकायला हवा. त्याने घबराट पसरेल, असा युक्तिवाद होऊ शकतो. दोनशे संशयित रुग्णांच्या बातम्यांनी पसरली ती घबराट कमी नव्हती. क्लोरीन सर्वशक्तिमान नाही, हेही खरे. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी त्याला दाद देत नाहीत, म्हणून गाळणीही हवीच. पण ती बांधायला वर्षे लागतात, आकडा जाहीर करायला नाही.

तोवर शंका असलेले पाणी खळखळून उकळावे. कच्चे चिकन नळाखाली धुऊ नये, कारण शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर आणि कोशिंबिरीत जातात. आणि जुलाबानंतर काही दिवसांनी पायांत मुंग्या किंवा जिना चढताना बळ कमी वाटले, तर ‘बी-ट्वेल्व्ह कमी असेल’ म्हणत न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाने करायची ओटी टेस्ट सोसायटीलाही जमण्यासारखी आहे. नमुन्यात थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. डीपीडी किटमध्ये तोच रंग गुलाबी येतो. तपासलेले पाणी प्यायचे नाही, ओतून द्यायचे. नमुना मात्र टाकीजवळचा नको, सर्वांत लांबच्या इमारतीतल्या नळाचा हवा. टाकीशी गडद दिसणारा रंग तिथे पोहोचेपर्यंत नाहीसा झालेला असू शकतो.