‘ळ’ हरवू नये म्हणून

सिल्वासात मराठी व गुजराती शेजारी नांदतात. १९९१ च्या ‘इस्की’ मानकात दोन्ही लिप्यांतील ‘ळ’चा संकेतांक एकच होता, युनिकोडने तो प्रत्येकीस स्वतंत्र दिला. यूटीएफ-८ मध्ये हा ‘ळ’ तीन बाइटांत साठवला जातो. संगणकीय आज्ञावलीने फाइल चुकीच्या संकेतनाने वाचली, तर निरर्थक चिन्हे दिसतात. मूळ बाइट शाबूत असल्यास मजकूर पुन्हा मिळतो. परंतु लिहिताना अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हेच साठवली गेली, की त्या फाइलीतील मराठी कायमची पुसली जाते. म्हणून फाइल वाचताना आणि लिहिताना, दोन्ही वेळी, यूटीएफ-८ हे संकेतन स्पष्ट नमूद करणे आज्ञावलीकाराचे कर्तव्य मानले पाहिजे. सीमाभागात भाषेचे अस्तित्व कागदपत्रांवरून सिद्ध करावे लागते; तिथे नावातला एक ‘ळ’ हरवणे म्हणजे पुरावाच हरवणे होय.