चकवरची माळ

खंडेनवमीला लेथच्या चकवर घातलेली झेंडूची माळ कधी उतरते, यावरून आयटीआय ओळखावी. यंदाच्या अंकातल्या ‘कारागिरांचे मास्तर’ या विभागासाठी हिंडताना एका संस्थेत दिवाळी तोंडावर आली तरी माळ जागच्या जागी होती, वाळून कोळ झालेली. यंत्र सीएनसी. ते शिकून आलेला शिल्पनिदेशकही हजर. किल्ली मात्र प्राचार्यांच्या खणात. “बिघडलं तर डेडस्टॉकचं उत्तर कोण देणार?” हे वाक्य तिथं इतक्यांदा कानी आलं, की सुरक्षेच्या सूचनांखाली तेही भिंतीवर रंगवून घ्यायला हरकत नाही.

शिकवणाऱ्यांना शिकवायची सोय आपल्याकडे आजची नाही. बिलासपूरजवळ कोनीला निदेशकांच्या प्रशिक्षणाची संस्था १९४८ सालीच निघाली. मुंबईतही आहे. वर्ष काढून माणूस उमेदीनं परततो आणि पहिल्याच चहाला ऐकतो, “नवीन आहात, व्हाल शांत.” रिक्त पदं, कच्च्या मालाची टंचाई, सगळं खरं. तरी शिकलेलं गंजतं ते आधी या चहापाशी, असं आमचं मत झालंय.

दुसऱ्या संस्थेत माळ दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी निघाली होती. प्राचार्य रोज सकाळी शॉपमध्ये येतात, त्या दिवशी आम्ही मागे होतो. एका तरुण निदेशकानं वर्गाला दाखवायला घासलेला जॉब त्यांनी उचलला, ट्राय स्क्वेअर लावून खिडकीकडे धरला. कोपऱ्यात केसभर उजेड. “सर, हा कोपरा मलाही दगा देतो. दुपारी दोघं बसू.” मुलांदेखत! निदेशक हसला, मुलं जॉबवर वाकली. चूक लपवायची नसते, हे त्या खोलीत कुणाला वेगळं शिकवावं लागत नसणार.

या विभागातले आणखी एक मास्तर म्हणजे डॉ. श्रीनाथ कलबाग. ते हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून पाबळला गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. त्यांच्याबद्दलचा लेख आत आहेच.

पहिल्या संस्थेतून निघताना त्या निदेशकानं आपली प्रशिक्षणातली वही दाखवली. सुरेख अक्षरात सीएनसीचे प्रोग्रॅम, लाल शाईत दुरुस्त्या. वही निम्म्यावर आली आणि अक्षर बदललं. पुढं सगळे मतदारयादीच्या कामाचे हिशेब होते.