वकिलाची विद्या आणि मजूर माता

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की राज्यघटना आठवते, आणि ते योग्यच होय. परंतु थोर पुरुषाचे मोठेपण त्याच्या कमी परिचित कामांतही पाहावे, असे मला वाटते.

१९२३ साली बॅरिस्टर होऊन ते मुंबईस वकिली करू लागले व १९२७ पासून मुंबई कायदेकौन्सिलात बसू लागले. २८ जुलै १९२८ रोजी तेथे कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणात रजा व भत्ता देणाऱ्या बिलावर चर्चा झाली. बाबासाहेबांनी सांगितले की, अशा वेळी मातेस विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे. त्याचा भार मालकाबरोबर सरकारनेही सोसावा. १९२९ साली कायदा झाला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने येथील स्त्रियांस तो लागू नव्हता. अवघ्या देशासाठी असा कायदा १९६१ साली झाला. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांपुरती ही भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली.

आज आपल्या एमआयडीसीत लोखंडी सळ्यांचे व बियाण्यांचे कारखाने आहेत. परंतु जिचे नाव हजेरीपटावरच नाही, तिने हा हक्क कशाच्या आधारे मागावा? म्हणून पालकहो, कामाच्या नोंदीचा आग्रह धरा व पगाराची चिठ्ठी जपून ठेवा. आणि विद्यार्थी मित्रहो, ती चिठ्ठी आईला वाचून दाखवा. कायद्याची विद्या केवळ द्रव्यार्जनासाठी नव्हे. ज्यास बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलण्यासाठी आहे. तिचा पहिला पाठ घरीच गिरविता येईल.