‘वकिलीणबाई’ म्हणजे कोण?

मराठीत ‘पाटलीण’ म्हणजे पाटलाची बायको. ‘देशमुखीण’ आणि ‘सावकारीण’ यांचीही तीच गत. ‘वकिलीणबाई’ या शब्दाने जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे काळा डगला घातलेली स्त्री येत नसे. वकीलसाहेबांच्या घरातील हळदीकुंकू करणाऱ्या काकू येत. पद नवऱ्याचे, बाईच्या वाट्याला फक्त प्रत्यय. याउलट ‘कोळीण’, ‘मोलकरीण’ हे शब्द पाहावेत. कोळ्याची बायको कोळीण असतेच, पण मासळीची पाटी तिच्याच डोक्यावर असते. मोलकरीण तर स्वतःच राबते, आणि ‘सुईण’ या शब्दाला पुल्लिंगी जोडसुद्धा नाही. प्रत्यय एकच, ‘-ईण’. जेथे काम हाताचे आणि मोबदला तुटपुंजा, तेथे तो काम करणारीला लागला. जेथे काम अधिकाराचे, तेथे तो अधिकाऱ्याच्या पत्नीला लागला. हा नियम कोणी सभा भरवून संमत केलेला नाही. तो नकळत घडला, नकळत पाळला गेला, आणि म्हणूनच तो टिकला.

नकळत होणाऱ्या पक्षपाताचे हेच लक्षण आहे. तो करणाऱ्याच्या मनात दुष्ट हेतू नसतो. त्यामुळे त्याला विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘आमच्याकडे तसे काही नाही’ असे सांगतो. आमचे म्हणणे असे, की सीमाभागातील आपल्या शाळा, पतसंस्था, वाचनालये, वकिलांच्या कचेऱ्या आणि चळवळीच्या बैठका या साऱ्यांत तो आहे, आणि तो ओळखण्याचे सर्वांत हाताशी असलेले साधन म्हणजे आपली मराठीच होय.

कोणत्याही कार्यालयात अर्धा तास बसून केवळ संबोधने ऐकावीत. पुरुष ‘पाटीलसाहेब’, ‘देसाईसाहेब’ असतात. त्यांच्याच हुद्द्याची स्त्री मात्र ‘सुनीताताई’ असते. एकाला आडनाव आणि अधिकार मिळतो, दुसरीला पाळण्यातले नाव आणि नाते. ताई म्हणण्यात आदर नाही असे आम्ही म्हणत नाही. पण ताईकडून चहाची व्यवस्था, निरोपसमारंभाची भेटवस्तू आणि रुसलेल्याची समजूत अपेक्षित असते. साहेबाकडून निर्णय अपेक्षित असतो. संबोधनाबरोबर कामाची वाटणीही ठरून जाते. बैठकीचे इतिवृत्त ‘अक्षर छान आहे’ म्हणून तिच्याकडे येते, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या व्यक्तीला बैठकीत बोलायला सवड उरत नाही.

गोपनीय अहवालांची भाषाही तपासावी. पुरुष ‘कर्तबगार’, ‘धडाडीचा’, ‘कणखर’; स्त्री ‘मनमिळाऊ’, ‘कष्टाळू’, ‘शांत’. ही सर्व विशेषणे प्रशंसेची आहेत. परंतु बढतीच्या वेळी पहिली तीन उपयोगी पडतात, दुसरी तीन नाहीत. त्याच कणखरपणाने स्त्री बोलली तर ती ‘तोंडाळ’ किंवा ‘आखडू’ ठरते. वर्तन एकच असता शब्द बदलतो, तेव्हा तो शब्द वर्तनाचे नव्हे तर ऐकणाऱ्याच्या मनाचे वर्णन करीत असतो.

हे केवळ तर्कट नाही. अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विज्ञान विषयाच्या 127 प्राध्यापकांना एकच अर्ज पाठविला गेला. काही प्रतींवर पुरुषाचे नाव होते, काहींवर स्त्रीचे. पुरुषनामाचा अर्जदार अधिक सक्षम ठरला आणि त्याला वेतनही अधिक देऊ केले गेले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की स्त्री प्राध्यापकांनीही तसेच केले. पक्षपात पुरुषांच्या रक्तात नसतो, तो सर्वांच्या सवयीत असतो. तेव्हा ‘आमच्या निवडसमितीत एक बाई आहे’ हा बचाव पुरेसा नाही.

आता कायद्याकडे वळू. 1897 च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाचे कलम 13 सांगते, की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो. कागदावर हे किती निर्मळ वाटते! 1916 साली रेजिना गुहा यांनी वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन सनदेसाठी अर्ज केला, तेव्हा हे कलम अस्तित्वात होते, आणि वकिलांसंबंधीचा कायदा स्त्रियांना स्पष्ट शब्दांत मज्जाव करीत नव्हता. तरीही कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पूर्णपीठाने त्यांना नकार दिला. 1921 साली पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांच्या बाबतीत त्याचीच पुनरावृत्ती झाली. अखेर 1923 साली स्वतंत्र कायदा करून स्त्रियांना वकिलीचे दार उघडावे लागले. ‘तो’ म्हटल्याने ‘ती’ आलीच, असे ज्यांना आजही वाटते त्यांनी हे दोन निकाल ध्यानात ठेवावेत. शब्दकोशात आलेली स्त्री दारातून आत येईलच असे नाही.

स्वातंत्र्यानंतरही हे संपले नाही. परराष्ट्र सेवेतील स्त्री अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, अशा नियमावर सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली मुथम्मा प्रकरणात कडक ताशेरे ओढले. 1981 साली नर्गेश मिर्झा प्रकरणात हवाईसुंदरीची नोकरी पहिल्या गरोदरपणातच संपविणारी अट रद्द झाली. परंतु पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास नोकरी जाईल ही अट त्याच निकालात टिकून राहिली. लष्करातील स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशन का नको, याची कारणे देताना केंद्र सरकारने ग्रामीण भागातून आलेल्या जवानांची मानसिकता पुढे केली होती. 17 फेब्रुवारी 2020 रोजी न्यायालयाने हा युक्तिवाद साचेबंद समजुतींवर आधारलेला म्हणून फेटाळला. न्याय करणाऱ्यांच्या भाषेतही या समजुती दडलेल्या असतात हे ओळखून 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने एक हस्तपुस्तिका काढली आणि ‘करिअर वुमन’ऐवजी नुसते ‘स्त्री’ म्हणा, असे न्यायाधीशांना सुचविले. देशातील सर्वोच्च न्यायपीठाला आपली शब्दकळा तपासावीशी वाटते; आपल्या पतसंस्थेला मात्र त्यात वेळेचा अपव्यय दिसतो.

काही विद्वान मित्र सारा दोष मराठीच्या व्याकरणावर टाकतात. क्रियापदच लिंग दाखवते, तेव्हा भेद अटळ आहे, असे त्यांचे म्हणणे. सीमाभागातील माणसाला या युक्तिवादाचे उत्तर रोजच्या व्यवहारातच मिळते. मराठीत आदराने बोलताना ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ असा भेद राहतो. कन्नडमध्ये ‘अवरु बंदरु’ हे स्त्री-पुरुष दोघांनाही सारखेच लागू पडते. मग कन्नड कार्यालयांत समता नांदते काय? तसे कोणीही म्हणणार नाही. व्याकरण पक्षपात निर्माण करीत नाही. त्याला लपायला जागा द्यायची की उजेडात आणायचे, हे बोलणाऱ्यावर अवलंबून असते. उलट मराठीची लिंगव्यवस्था आपल्याला एक सोय करून देते. ‘उमेदवाराने आपला अर्ज स्वतः आणून द्यावा, तो निवडला गेल्यास…’ हे वाक्य लिहिताच लिहिणाऱ्याच्या मनात कोण उभा होता हे उघडे पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो आपल्यातूनच येतो: ‘आधी सीमाप्रश्न सुटू द्या, मग हे पाहू.’ 1956 पासून आपण न्याय मागत आहोत. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा आजही आपल्या आशेचा आधार आहे. परंतु या लढ्याने आपल्याला काय शिकविले? मुलाखतीला गेलेल्या मराठी मुलाच्या कन्नडमधला हेल ऐकून मुलाखत घेणाऱ्याच्या कपाळावर उमटणारी बारीक आठी आपण ओळखतो. नाकारण्याचे कारण कागदावर कधीच ‘भाषा’ असे लिहिले जात नाही, हेही आपण जाणतो. त्याच मुलाची बहीण आपल्याच संस्थेत मुलाखतीला आली, की आपण विचारतो, ‘लग्नाचा काय विचार आहे? उशीर झाला तर घरचे चालवून घेतील ना?’ भावाला हा प्रश्न कोणी केला होता? जी आठी आपल्याविरुद्ध पडते ती अन्याय, आणि जी आपण पाडतो ती व्यवहार, असे दोन कायदे एका माणसाच्या खिशात राहू शकत नाहीत. मोर्चात पुढे स्त्रिया आणि कार्यकारिणीत मागच्या रांगेत एखादी, ही आपल्या संघटनांची सर्वपरिचित रचना आहे. समतेचा दावा करणाऱ्या पक्षकाराने स्वच्छ हातांनी न्यायालयात यावे, हे तत्त्व आम्हां वकिलांना पहिल्या वर्षीच शिकवितात.

उपाय खर्चिक नाहीत, कडक मात्र आहेत. निवडीचे निकष अर्ज उघडण्यापूर्वी लिहून ठेवावेत आणि प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारावेत. जो प्रश्न पुरुषाला विचारता येत नाही तो स्त्रीला विचारू नये. पहिल्या छाननीत नावे झाकावीत. इतिवृत्त लेखन आणि समारंभाची कामे पाळीपाळीने वाटावीत. बैठकीत स्त्रीने मांडलेली सूचना पुढे कोणी पुरुषाने उचलली, तर अध्यक्षांनी ती मूळ कोणाची हे नावासह नोंदवावे. संबोधन सर्वांना एकाच पद्धतीचे असावे: आडनाव तर सर्वांचे आडनाव, दादा-ताई तर साहेबांनाही दादा. ‘अध्यक्ष’ म्हणावे की ‘अध्यक्षा’, हे त्या पदावरील व्यक्तीने ठरवावे. पण ‘पुरुष वकील’ म्हणत नसू, तर ‘महिला वकील’ही म्हणू नये. आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असणे ही मेहेरबानी नसून बंधन आहे. ती केवळ फलकावर आहे की प्रत्यक्षात, याची विचारणा सभासदांनी वार्षिक सभेत करावी.

भाषेच्या हक्कासाठी आपण ज्या मराठीचा कैवार घेतो, त्या मराठीत ‘वकिलीणबाई’ या शब्दाचा अर्थ आता बदलला पाहिजे. तो शब्दकोश बदलून बदलणार नाही. बाईच्या हातचा वकालतनामा पाहून ‘मोठे वकील कधी येणार?’ असे विचारणारा पक्षकार ज्या दिवशी तो प्रश्न गिळेल, त्या दिवशी बदलेल. आपल्या दाव्याची पुढची तारीख आपल्या हातात नाही. ही तारीख आहे.