पाटे वाढवले म्हणून पासिंग वाढत नाही

मागच्या आठवड्यात माझ्या पिकअपचे मागचे पाटे उतरवले. गाडी अकरा वर्षांची. रिकामी असतानाही मागून बसलेली दिसायची, डाव्या बाजूला जरा जास्तच. कांदा भरला की ॲक्सल वरच्या रबराच्या ठोकळ्याला जाऊन टेकायचा आणि प्रत्येक खड्ड्यात धाडकन आवाज यायचा. पाटेवाल्या चाचांनी गाडीखाली शिरून पाच मिनिटं बॅटरी फिरवली, बाहेर आले, हात पुसले आणि पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, किती पाटे वाढवू?"

काय झिजलंय ते नाही. किती वाढवू.

चाचांचा यात दोष नाही. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण हेच मागतो. आमच्या भागात पाटेवाल्याकडे जाणं म्हणजे एक-दोन पाटे वाढवून आणणं, असंच झालंय. मी स्वतः मागच्या गाडीला दोन वाढवले होते आणि चार लोकांना अभिमानाने दाखवलेही होते. त्यामुळे आज जे लिहितोय ते कुणाला शिकवायला नाही. पण विषय एकट्या गाडीवाल्याचा राहिलेला नाही, म्हणून जरा लांब लिहितोय.

आधी झिजलेलं काय होतं ते सांगतो. मेन पाट्याच्या टोकाला जी गोल वळी असते त्यातले बुश खाल्लेले. शॅकलची पिन सैल. डावीकडचा तिसरा पाटा मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकाजवळ चिरलेला. बाकीच्यांची कमान इतकी उतरलेली की ते सरळ पट्टीसारखे दिसत होते. पाटा तिथेच का तुटतो? कारण यू बोल्ट सैल झाले की सगळा भार त्या भोकापाशी येतो. नवीन पाटे बसवल्यावर थोडी गाडी चालवून यू बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. आपल्यातले किती जण परत जातात? मी तरी कधी गेलो नव्हतो. सेंटर बोल्ट तुटला तर पाट्यावरचा ॲक्सल एका बाजूला मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मागून येणाऱ्याला दिसतं, चालवणाऱ्याला फक्त स्टेअरिंग ओढल्यासारखं वाटतं.

हे सगळं दुरुस्त करणं म्हणजे गाडी होती तशी करणं. त्यात कुठलाच नियम मोडत नाही आणि ते करायलाच पाहिजे. पाटे वाढवणं ही वेगळी गोष्ट आहे.

लोकांना वाटतं, पाटा वाढला म्हणजे गाडीची ताकद वाढली. पण भार काही एकटे पाटे उचलत नाहीत. पाट्यावरून तो हाऊसिंगवर जातो, तिथून बेअरिंगवर, रिमवर, टायरवर. चॅसी तीच, ब्रेक तेच, टायरवर छापलेली मर्यादा तीच. वाढतं ते एकच, गाडी न बसण्याचं नाटक. पूर्वी जास्त भरलं की गाडी बसायची, दिवे आभाळाकडे बघायचे, ड्रायव्हरला कळायचं की आज जास्त झालंय. आता पंचवीस क्विंटल भरूनही गाडी ताठ उभी. म्हणजे आपण गाडीची तक्रार बंद केली, दुखणं तसंच ठेवलं.

ब्रेकचं तर त्याहून वाईट आहे, आणि हे मला स्वतःलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. बऱ्याच पिकअपला मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. एलएसपीव्ही म्हणतात. चॅसी आणि ॲक्सल यांच्यातल्या अंतरावर तो चालतो, त्याची एक दांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडी भरली, मागून बसली, अंतर कमी झालं की तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. रिकामी असली, अंतर जास्त असलं की कमी देतो, नाहीतर रिकामी गाडी मागून घसरेल. आता पाटे वाढवून मागची बाजू उचलली तर काय होणार? अडीच टन माल भरलाय, पण व्हॉल्व्हला वाटतंय गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक अर्धवट, सगळा ताण पुढच्या ब्रेकवर. वाशीला जाताना कसारा घाट उतरताना ब्रेकचा वास येतो म्हणून जे सांगतात ना, त्यांनी एकदा गाडीखाली वाकून ही दांडी बघावी. काहींची तारेने बांधून ठेवलेली असते, काहींची नसतेच.

आणि परत येताना गाडी रिकामी. तेव्हा ते कडक पाटे दबतच नाहीत, खड्ड्यात मागची चाकं उडतात. उडालेलं चाक ब्रेकला काय जुमानणार?

मग माणूस हे करतो कशाला? हौस म्हणून नाही. समजा भाडं क्विंटलला साठ रुपये आहे. दीड-पावणेदोन टन पासिंगच्या गाडीत सतरा क्विंटल भरला तर एक हजार वीस. पंचवीस भरला तर दीड हजार. डिझेल जवळपास तेवढंच, दिवस तोच, गाडीचा हप्ता तोच. एका खेपेमागे ४८० रुपये सुटतात, आणि खरं सांगायचं तर तेवढेच सुटतात. जो सतरा क्विंटल नेतो त्याला शेतकरी दुसऱ्यांदा बोलवत नाही. शेतकऱ्याचंही चुकत नाही. कांद्याचा भाव पडलेला असताना पन्नास क्विंटलला दोन खेपांऐवजी तीन खेपांचं भाडं तो कुठून देणार? म्हणजे भाव पडला की त्याचा भार फिरत फिरत शेवटी पिकअपच्या मागच्या पाट्यावर येतो.

आता दुसरी बाजू. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४, २०१९ च्या दुरुस्तीनंतरचं. जादा भाराला वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, शिवाय जादा माल उतरवून घेतल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही, उतरवण्याचा खर्चही आपला. वजन करायला गाडी थांबवलीच नाही तर चाळीस हजार. वर सांगितलेल्या ४८० रुपयांनी वीस हजार भरून काढायला बेचाळीस खेपा लागतात. म्हणजे माझ्यासारख्याचा एक अख्खा हंगाम.

पण हेच कलम नीट वाचलं तर त्यात फक्त चालवणारा नाही. चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही आहे. आता मला सांगा, तुमच्या आठवणीत माल भरणाऱ्या कुणाला, गाडी ठरवणाऱ्या कुणाला या कलमाखाली पावती फाडलेली आहे? माझ्या तरी नाही. कायद्यात तिघं आहेत, रस्त्यावर एकटा ड्रायव्हर उभा असतो.

इथेच माझा मूळ मुद्दा येतो. जादा भार ही काही रात्रीच्या अंधारात होणारी चोरी नाही. आमच्या बाजार समितीत प्रत्येक गाडी भुईकाट्यावर चढते. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, गाडी नंबर, तारीख, वेळ, सगळं छापून हातात मिळतं. माझ्याकडे अशा पावत्यांची पिशवी भरलेली आहे. बऱ्याच पावत्यांवर गाडी किती जास्त भरली होती ते सरळ दिसतंय. म्हणजे कुठली गाडी किती जास्त नेते याची लेखी नोंद रोज तयार होते, एका सार्वजनिक संस्थेत, आणि त्याचं कुणी काही करत नाही. मग महिन्यातून एखाद्या दिवशी हायवेवर पथक उभं राहतं, जो सापडला तो सापडला. पाच मिनिटं आधी गेलेला सुटला. याला अंमलबजावणी म्हणायचं की सोडत?

त्याच कायद्यातलं कलम ११४ अधिकाऱ्याला संशय आला तर गाडी पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर, किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आतल्या काट्यावर न्यायला सांगण्याचा अधिकार देतं. कायदा करणाऱ्यांनाही काट्याचं महत्त्व माहीत होतंच की.

एक गोष्ट मात्र पिकअपवाल्यांच्या बाजूने बोललीच पाहिजे. गावाकडचे रस्ते आम्ही फोडले असं सर्रास म्हटलं जातं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली होती. त्यातून आलेला ढोबळ नियम आजही इंजिनिअर वापरतात. ॲक्सलवरचा भार वाढला की रस्त्याची झीज त्याच्या साधारण चौथ्या घातात वाढते. भार वीस टक्क्यांनी वाढला तर झीज दुप्पट. याच हिशोबाने चार टायरचा, साडेअकरा टनांचा ट्रकचा एक ॲक्सल पिकअपच्या अडीच टनांच्या ॲक्सलपेक्षा चारशेपटीहून जास्त झीज करतो. आणि साडेअकरा ही २०१८ नंतरची कायदेशीर मर्यादा आहे, वाळूच्या हायवामध्ये किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा रस्त्याचं खापर पिकअपवर फोडू नका. आमचा प्रश्न रस्त्याचा कमी आणि ब्रेकचा जास्त आहे, समोरून दुचाकीवर येणाऱ्या माणसाचा आहे.

"२०१८ ला केंद्राने पासिंग वाढवून दिलंय" असं काही जण छातीठोक सांगतात. ती वाढ मोठ्या ट्रकच्या ॲक्सलची होती. आपल्या आरसी बुकात जे भरलेलं वजन लिहिलंय तेच आपलं. त्यातून रिकामं वजन वजा करा. उरतं त्यात ड्रायव्हर, क्लीनर, हौद्याला वाढवलेल्या फळ्या, वरची जाळी आणि ते वाढवलेले पाटेसुद्धा आले! पाटा लोखंडाचाच असतो, त्यालाही वजन आहे.

कुणाला खरंच रोज दोन टन न्यायचेत तर आता कंपन्याच दोन टन पासिंगच्या पिकअप विकतात. टाटाची योद्धा २.० आहे, महिंद्राच्या मॅक्समध्येही आहे. तिथे नुसते पाटे जास्त घालून आकडा लिहिलेला नाही, अख्खी गाडी त्या वजनाला तपासून मंजूर झालेली असते. आपल्या गाडीत कंपनीने मंजूर केलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल केला तर कलम ५२ आडवं येतं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला वाद घालायला आयतं कारण मिळतं, ते वेगळंच.

हप्त्यावर घेतलेली जुनी गाडी विकून नवी घ्या असं सांगणं सोपं आहे, मला माहीत आहे. म्हणून मागणी तेवढी मोठी करत नाही. बाजार समितीकडे तीनच गोष्टी मागायच्या आहेत. भुईकाट्याच्या पावतीवर वजनाशेजारी त्या गाडीचं आरसीतलं भरलेलं वजन छापा. गाडी नंबर टाकला की ते येईल, एकदा नोंदवायचं काम आहे. दुसरं, कांदा आणि टोमॅटोच्या हंगामाआधी शेतकरी, व्यापारी आणि गाडीवाले यांना एकत्र बसवून गावानुसार क्विंटलचं भाडं ठरवा आणि ते दर काट्याच्या खोलीवर लावा, म्हणजे सतरा क्विंटल नेणाऱ्यालाही परवडेल. तिसरं, पहिला एक हंगाम दंड नको, नुसतं छापा. माल कोण भरतो, कुणाच्या सांगण्यावरून भरतो, हे कागदावर यायला लागलं की पुढचं बोलता येईल. व्यापाऱ्यांची नाराजी होईल. आमच्यातले काही गाडीवालेही मला शिव्या देतील, आत्ताच दोघांनी दिल्या.

चाचांना मी सांगितलं, जेवढे होते तेवढेच पाटे घाला, दोन्ही बाजूंचे नवीन. एका बाजूचे नवीन आणि एका बाजूचे जुने ठेवले की गाडी पुन्हा कलते. बुश, शॅकलच्या पिना, सेंटर बोल्ट, यू बोल्ट सगळे बदलले. ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी जागेवर बसवून घेतली. चाचा म्हणाले, "भाऊ, इतका खर्च करताय तर एक तर वाढवून घ्या, मजुरी लावत नाही." नको म्हटलं. काल पहिल्यांदा गाडी भरली, सतरा क्विंटल. शेतकरी ओळखीचे, नाना म्हणतो त्यांना. उरलेल्या आठ क्विंटलकडे बघून ते म्हणाले, "आता हे काय तुझ्या डोक्यावर नेशील का?" दुसऱ्या खेपेचं निम्मं भाडं मी सोडलं. हे दर वेळी जमणार नाही, हे नानांनाही माहीत आहे आणि मलाही.

अर्ज तयार आहे. सोमवारी सकाळी साडेदहाला बाजार समितीच्या ऑफिसात सचिवांना देणार. ज्यांना सही करायचीय त्यांनी आरसीची झेरॉक्स घेऊन काट्याजवळच्या चहाच्या टपरीवर दहाला यावं. ज्यांच्याकडे काट्याच्या जुन्या पावत्या असतील त्यांनी त्याही आणाव्यात, गाडी नंबर झाकला तरी चालेल.